यामाहा आरएक्स १०० ला ड्रॅगसाठी (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीसाठी) एक्झॉस्ट पाईप निवडताना माझा अनुभव

जालन्यावरून घेतलेल्या माझ्या आरएक्सला आखूड चेंबर (फुगीर पोटाचा एक्झॉस्ट पाईप) आधीपासूनच बसवलेला होता, वरच्या आरपीएमला (इंजिन जोरात फिरताना) गाडी जबरदस्त पळायची पण सुटतानाच लई मरगळायची, अन् ड्रॅगमधी खरी लढाई तर सुटण्यातच असती ना. आरएक्ससारख्या टू स्ट्रोक इंजिनमधी पाईप म्हंजे नुसता आवाज नाही बरं का, पाईपातल्या मागच्या कोनावर आदळून परत येणारी लाट एक्झॉस्ट पोर्टातून (जळका गॅस बाहेर पडायच्या भोकातून) निसटलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिक्श्चर पुन्हा सिलिंडरात ढकलती, आता पाईप आखूड असला की लाट लवकर येती म्हणून पावर फक्त वरच मिळती, लांब असला तर खालून. माझं इंजिन स्टॉक पोर्टचं (भोकं कंपनीची तशीच, न वाढवलेली), ९८ सीसी, कंपनीची जास्तीत जास्त पावर ७५०० आरपीएमला, त्याला वरचा पाईप कशाला?

मग वाळूजला लांब हेडरचा (इंजिनाकडच्या पहिल्या नळीचा) पाईप बनवून घेतला. शेवटची बारीक नळी मात्र अरुंद करू दिली नाही, तिथं गॅस अडकला की पिस्टन तापून जाम होतो. कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकला, स्पार्क प्लगचा रंग तपकिरी येईस्तोवर. आता सुटल्यापासनंच खेचायलीय!

अन् मे महिन्याच्या दुपारी सेट केलेलं जेटिंग डिसेंबरच्या पहाटे लीन होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), थंड हवा दाट असती, तवा प्लग पुन्हा काढून बघाच.