जुन्या राउटरसाठी लिनक्स कर्नलचा सपोर्ट जोडताना या चुका टाळा

जुन्या घरगुती राउटरसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, सपोर्ट जोडायचा म्हणजे अवघड ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) लिहावे लागणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अशा राउटरांमधील बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच असतात. लिहायचे उरते ते त्या विशिष्ट बोर्डाचे वर्णन, म्हणजेच कोणता भाग कुठे जोडला आहे हे कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्रीची फाइल. चुका होतात त्याही तिथेच, आणि बहुधा मिळत्याजुळत्या राउटरची फाइल न तपासता उचलल्यामुळे.

मॉडेलच्या नावावर विसंबू नये. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या एकाच नावाखाली नवव्या आवृत्तीत क्वालकॉम अथेरॉसची क्यूसीए९५३३ ही चिप आहे, तर तेराव्या आवृत्तीत मीडियाटेकची एमटी७६२८. झाकण उघडून मुख्य चिप, फ्लॅश (कायमची साठवण), रॅम आणि स्विच (इथरनेट पोर्ट जोडणारी चिप) यांवरील अक्षरे स्वतः वाचावीत. फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी असेल, तर आजचा कर्नल त्यात जेमतेमच मावतो, हे काम हाती घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मूळ फ्लॅशची पूर्ण प्रत न घेता तिच्यावर लिहिणे. अथेरॉसच्या अनेक जुन्या राउटरांत फ्लॅशच्या शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये ‘एआरटी’ नावाचे पार्टिशन, म्हणजे राखून ठेवलेला भाग, असते. त्यात वायफाय रेडिओची कारखान्यात मोजलेली कॅलिब्रेशनची माहिती असते आणि ती प्रत्येक नगाची वेगळी असते. त्यामुळे तो भाग पुसला गेला, तर दुसऱ्या नगातून घेतलेली माहिती त्याची खरी जागा भरून काढत नाही. प्रत दोनदा घ्यावी, दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहावे, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) व एआरटी ही पार्टिशने ‘रीड-ओन्ली’ ठेवावीत. पार्टिशनचे पत्ते अंदाजाने लिहू नयेत; मूळ फर्मवेअरच्या (राउटरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरच्या) बूट लॉगमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या नोंदींत, ते बहुधा आयते मिळतात.

तो लॉग वाचण्यासाठी सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्डावरील पिनांना तारांनी संगणक जोडून मिळणारा मजकुराचा पडदा, लागतो. बोर्डावरील पिना सहसा ३.३ व्होल्टच्या असतात, त्यामुळे संगणकाचा जुना आरएस-२३२ पोर्ट त्यांना थेट जोडल्यास चिप जळू शकते. ग्राउंड, आरएक्स (डेटा घेणारी) आणि टीएक्स (डेटा पाठवणारी) या तीनच तारा जोडाव्यात; व्हीसीसी (वीजपुरवठ्याची पिन) मोकळी सोडावी.

पहिली चाचणी फ्लॅशवर न लिहिता, टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) इनिट्रॅमएफएस प्रतिमा, म्हणजे रॅममध्येच चालणारा कर्नल व त्याच्या मूलभूत फाइल, रॅममध्ये उतरवून करावी. बूटलोडरने कर्नल सुरू केल्याचे सांगितल्यावर पुढे पूर्ण शांतता पसरली, तर दोष बहुधा लोड पत्त्यात (कर्नल रॅममध्ये जिथे ठेवला जातो त्या जागेत) किंवा कन्सोलच्या वर्णनात असतो. ‘अर्लीकॉन’ (कर्नलचे अगदी सुरुवातीचे संदेश दाखवणारी सोय) चालू केल्यास नेमका कोणता, ते लवकर कळते. दिवे उलटे लागत असतील, तर जीपीआयओची, म्हणजे दिवा चालवणाऱ्या पिनेची, ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ (कमी व्होल्टेजला चालू) ही नोंद तपासावी, एवढे पुरे.

इथरनेटचे दुखणे मात्र अधिक फसवे असते. लिंक जुळते, दिवा लागतो, पण एकही पॅकेट पलीकडे जात नाही. गिगाबिट पोर्ट असेल, तर अशा वेळी ‘फाय-मोड’, म्हणजे मुख्य चिप आणि पोर्टची ‘फाय’ चिप यांच्यातील जोडणीचा प्रकार, पाहावा: ‘आरजीएमआयआय’ आणि ‘आरजीएमआयआय-आयडी’ यांतील फरक सुमारे २ नॅनोसेकंदांच्या विलंबाचा असतो, आणि तो विलंब या दोन चिपांपैकी कोणीच दिला नाही किंवा दोघींनीही दिला, तर डेटा बिघडतो. याउलट रॅममधून बूट केल्यावर इथरनेट व्यवस्थित चालते आणि फ्लॅशवरून बूट केल्यावर बंद पडते, असेही घडते. टीएफटीपीसाठी बूटलोडरने स्विच आधीच जागा केलेला असतो आणि आपल्या वर्णनात रीसेटची किंवा क्लॉकची नोंद राहून गेल्याचे त्यामुळे झाकले जाते. म्हणून पॅच (कोडमधील आपला बदल) पाठवण्यापूर्वी वीजपुरवठा पूर्ण तोडावा, थोडा वेळ थांबावे आणि राउटर फ्लॅशवरून आपोआप सुरू होऊ द्यावा. मुख्य कर्नलकडे पॅच जाणार असेल, तर नव्या ‘कॉम्पॅटिबल’ नावाची (ज्यावरून कर्नल बोर्ड ओळखतो) बाइंडिंग नोंद, म्हणजे त्या नावाचे अधिकृत वर्णन, वेगळ्या पॅचमध्ये, डिव्हाइस ट्रीच्या आधी ठेवावी.