कोयता लावण्याआधी

वाघबारशीला नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. दगडावर नाहीतर लाकडावर कोरलेला वाघ, वरच्या अंगाला चंद्र-सूर्य, आणि मागणं एवढंच की आमची गुरंवासरं सांभाळ. आम्ही निफाडकडची गोदाकाठची माणसं त्याच तिथीला वसुबारस करतो, गायवासराला ओवाळतो. पुढे थोड्याच दिवसांत गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाला कोयता लागतो. ऊस तोडताना बिबट्याशी गाठ पडू शकते, म्हणून त्याची तयारी मी वसुबारसेपासूनच धरते. एकदा ऊसतोड मजुरांची टोळी उसाच्या फडात उतरली की कोणाला कशाला सवड नसते.

आपल्या शिवारातला बिबट्या कुठून चुकून आलेला नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना समजावून सांगावं. ऊस वर्षभर उभा असतो, सावली असते, पाणी असतं, कुत्री-डुकरं असतात. मादी तिथेच विते आणि पिल्लं उसालाच घर समजून वाढतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. त्यामुळे तयारीची सुरुवात वस्तीवरच्या उकिरड्यापासून होते. चिकनच्या दुकानातली आतडी-पिसं आणि मेलेल्या कोंबड्या रस्त्याच्या कडेला टाकल्या की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. खड्डा घ्यावा, पुरून टाकावं.

मग फडाची पाहणी. तोडणीच्या आठवडाभर आधी, ऊन वर आल्यावर, दोघातिघांनी मोठ्याने बोलत बांधाने फिरावं. पाटाच्या ओल्या मातीत ठसे बघावेत. कुत्र्याच्या पंजापुढे नखांचे टोचे उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत, कारण चालताना त्याची नखं आत असतात. ठसे दिसले तर मुकादमाला त्याच दिवशी सांगावं. तोडणी एका बाजूने सुरू करून ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला सरकत न्यावी, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. चारही बाजूंनी फड कापत आणला तर मधल्या पट्ट्यात ते कोंडतं, आणि घाबरलेलं जनावर समोर दिसेल त्याच्या अंगावर जातं. पाचट जाळून मग तोडणी करायची सवय तर सोडूनच द्यावी. मोठा बिबट्या पळून जातो, पिल्लं जळतात.

पिल्लांचं जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या हातून सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या बांधाला तोडणी चालू असताना टोळीतली एक बाई कोयता हवेतच धरून थांबली. पाचटात मांजरीएवढी तीन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले, निळसर. एक पिल्लू दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड खुपसत होतं. मी पोचेपर्यंत एका पोराने त्यातलं एक उचलून मोबाइलसमोर धरलं होतं. "बाळा, त्याची आई जवळच असंल, ठेव आधी," असं त्या बाईनेच त्याला दटावलं. आम्ही तेवढी सरी सोडून काम थांबवलं आणि वन खात्याला कळवलं. डॉक्टरांनी पिल्लं तपासली. अंधार पडायच्या आत द्राक्षाच्या एका क्रेटमध्ये घालून ती त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळे लांब गेलो. रात्री मादी आली आणि एकेक करून तिन्ही घेऊन गेली. सकाळी क्रेट आडवं पडलं होतं, बाजूच्या चिखलात तिचे येण्याजाण्याचे ठसे होते. पिल्लं घरी आणली असती, तर तीच मादी त्यांच्या शोधात वस्तीभोवती घिरट्या घालत राहिली असती. तेव्हा टोळीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं: पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, काम थांबवायचं, हाक मारायची. आणि त्या थांबलेल्या तासांची मजुरी आपण द्यायची, हेही तेव्हाच सांगावं. नाहीतर कोणी सांगणार नाही.

टोळीच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, उसाच्या कडेला नकोत, मोकळ्या रानात असाव्यात. तिथे रात्रभर दिवा हवा आणि जवळच आडोशाचं शौचालय हवं. अंधारात उघड्यावर खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, आणि बायकांना तर अंधारातच जावं लागतं. हा खर्च शेतमालकाने आणि कारखान्याने मिळून करायला हवा असं माझं ठाम मत आहे. लेकरं फडाच्या कडेला झोळीत एकटी ठेवू नयेत. ती सांभाळायला एक मोठं माणूस बसवावं, त्याचाही रोज धरावा.

गोठा बघताना वर बघावं. आम्ही चारी बाजूंनी जाळी मारली होती, पण भिंत आणि पत्र्यामधे हातभर फट राहिली होती. तिथून शिरून बिबट्याने एका रात्रीत दोन शेळ्या मारल्या. आता वरूनही जाळी आहे आणि दाराला आतबाहेर कडी आहे. जनावर दगावलं तर ते जागेवरून हलवू नये, ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई त्यावरच मिळते.

शेतीपंपाला रात्रीची लाईट असेल तर पाणी भरायला एकट्याने जाऊ नये. बॅटरी, घुंगराची काठी, मोबाइलवर भजनं, जे आवाज करेल ते बरोबर असावं. दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वळवायला, वाकण्याआधी चारी बाजूंना उजेड फिरवावा. विहिरीला कठडा नसेल तर या दिवसांतच बांधून घ्यावा. कुत्र्यामागे धावताना बिबट्या विहिरीत पडतो आणि मोटारीच्या पाइपाला धरून तासन्‌तास तरंगत राहतो. मग सगळं गाव काठावर जमतं आणि त्याला वर काढणाऱ्यांना उभं राहायला जागा उरत नाही.

वन खात्याचा १९२६ हा क्रमांक लहान मुलांसह सगळ्यांच्या तोंडपाठ असावा. बिबट्या समोर आला तर पळू नये, वाकू नये, हात वर करून मोठ्याने बोलत मागे सरकावं. त्याच्यामागे दगड घेऊन धावणारी गर्दी मात्र कोणालातरी जखमी करते, नाशिक शहरात गंगापूर रोडला हे आपण पाहिलं आहे.

पिंजऱ्याची मागणी होतेच. माणसावर हल्ला झाला असेल तर तो निर्णय वन खात्याने घ्यावा, आणि लवकर घ्यावा. नुसता दिसला म्हणून पकडण्याच्या मात्र मी विरोधात आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले.

आणि शेवटची सरी पडली की त्याच संध्याकाळी मी पलीकडच्या मळ्यात फोन करते. आमचा फड संपला, तुमचा ऊस अजून उभा आहे, आज शेळ्या लवकर आत घ्या.