इंदूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी : नोकरीची तयारी कुठून सुरू करावी

नोकरीचा विचार बहुतेक घरांत शेवटच्या सत्रात सुरू होतो, आणि तोही बायोडेटा कसा लिहायचा या प्रश्नापासून. हा क्रम उलटा आहे. बायोडेटा हा तयारीचा शेवटचा कागद असतो. त्यात लिहिण्याजोगे काही घडावे यासाठी आधीची दोन वर्षे लागतात, आणि त्या दोन वर्षांत काय करायचे हे ठरवण्यासाठी आपल्या आसपास प्रत्यक्षात कोणकोणती कामे चालतात, हे माहीत असावे लागते. इंदूरच्या मराठी घरांत पुण्याचा विषय नेहमीच निघतो. तिथे कोणीतरी मावशी किंवा आतेभाऊ असतोच, त्यामुळे शेजारच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत काय तयार होते हे एकदाही न पाहिलेला मुलगा हिंजवडीच्या कंपन्यांची नावे मात्र घडाघडा सांगतो. पुण्याला जाण्यात काही चूक नाही, पण तो निर्णय माहिती घेऊन व्हावा, सवयीने होऊ नये.

आधी कामे पाहावीत, मग पदे

पीथमपूर धार जिल्ह्यात असले तरी इंदूरहून रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल इतके जवळ आहे. आयशरचे ट्रक आणि बस बनवणारी व्हीई कमर्शियल व्हेईकल्स, फोर्स मोटर्स, औषध क्षेत्रातील सिप्ला आणि ल्युपिन यांचे कारखाने तिथे आहेत. वाहनांची चाचणी घेणारे नॅट्रॅक्स केंद्रही तिथेच आहे आणि त्याची वेगचाचणीची धावपट्टी ११.३ किलोमीटर लांबीची आहे. हे सगळे मेकॅनिकलच्या मुलांसाठी, असा एक पक्का समज आहे, आणि त्याच समजापायी विज्ञान आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी त्या बाजूला फिरकत नाहीत. औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागाला रसायनशास्त्राचे आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर लागतात. कोणत्याही कारखान्याला स्टोअर, खरेदी, डिस्पॅच आणि लेखा विभाग असतात, आणि तिथे बी.कॉम. झालेला, पण मालाच्या नोंदी समजणारा माणूस सहज मिळत नाही.

शहरात सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, ही नावे सर्वांना ठाऊक असतात. यश टेक्नॉलॉजीज, इम्पेटस, इन्फोबीन्स या इंदूरशी जुना संबंध असलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा विचार मात्र विद्यार्थी उशिरा करतात. कृषी, अन्नतंत्रज्ञान किंवा वाणिज्य शिकणाऱ्याने सोयाबीनकडे पाहावे : माळव्याचे हे मुख्य पीक, त्यावरील राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरात, आणि प्रक्रिया उद्योगाच्या ‘सोपा’ या संघटनेचे कार्यालयही इंदुरातच. सियागंजच्या घाऊक बाजारात आणि कापड मार्केटमध्ये रोज जो व्यवहार होतो, त्याचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळणाऱ्या कर सल्लागारांच्या कचेऱ्या शहरभर पसरल्या आहेत.

या पाहणीनंतर एक क्षेत्र निवडून पुढील काम करावे. आपण दोन वर्षांनी ज्या पदासाठी अर्ज करू, तशा दहा-बारा जाहिराती नौकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलांवरून काढून वहीत उतरवाव्यात आणि ज्या अपेक्षा पुन्हा पुन्हा येतात त्यांच्याखाली रेघ मारावी. इंदूरच्या लेखापालाच्या जाहिरातींत टॅली, एक्सेल, जीएसटीआर-१ आणि ३बी (जीएसटीची विवरणपत्रे), ई-वे बिल (मालवाहतुकीसोबतचा ऑनलाइन दस्तऐवज) हे शब्द वारंवार दिसतील. रेघ मारलेले हे शब्द म्हणजे तुमचा दुसरा अभ्यासक्रम होय, आणि कोणता कोर्स लावायचा हे त्यावरून ठरवावे, शिकवणीच्या फलकावरून नव्हे.

माणसांना विचारण्याची रीत

जाहिरातीत जे लिहिलेले नसते ते त्या कामात असलेला माणूस सांगतो. मराठी समाजाच्या कार्यक्रमांत, गणेशोत्सवात, लग्नकार्यांत अशी माणसे भेटतात. अडचण विचारण्याच्या पद्धतीत असते. "काका, तुमच्याकडे काही जागा आहे का?" असे विचारले की समोरचा माणूस संकोचतो, "बायोडेटा पाठवून ठेव" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी कामाची माहिती विचारावी. पुढील मजकूर आपापल्या परिस्थितीनुसार बदलून वापरता येईल :

"नमस्कार दादा, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपण औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात काम करता, असे आईकडून कळले. मी नोकरी मागण्यासाठी लिहीत नाही. नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत कोणते काम देतात आणि कॉलेजात शिकलेल्यापैकी काय उपयोगी पडते, एवढेच विचारायचे होते. रविवारी आपल्या सवडीने पंधरा मिनिटे फोन केला तर चालेल का?"

फोनवर प्रश्न मोजकेच असावेत : दिवस कसा जातो, पाळ्या कशा असतात, माणसे नोकरी सोडतात ती कशामुळे, आणि माझ्याजागी तुम्ही असता तर येत्या वर्षात काय शिकला असता. सोडून जाण्याविषयीचा प्रश्न विचारायला लाजू नये, कारण पाळ्या, प्रवास आणि पगारवाढ यांची खरी माहिती त्याच उत्तरातून मिळते. त्या सल्ल्याप्रमाणे काही केले असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी ते कळवावे. पुढे जागा निघाली तर आठवण कळवणाऱ्याचीच होते.

इंटर्नशिप आणि शिकाऊ उमेदवारी

मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून पदवी अभ्यासक्रमात नवे शैक्षणिक धोरण लागू केले, आणि त्यात इंटर्नशिप किंवा प्रकल्पकार्य अभ्यासक्रमाचाच भाग झाले. पुष्कळ विद्यार्थी ही अट ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून पूर्ण करतात. त्यात गुण मिळतात आणि संधी जाते, कारण ज्या कचेरीत एरवी कोणी आत घेणार नाही तिथे "महाविद्यालयाची अट आहे" असे सांगून बसण्याचा तो एक सरळ मार्ग असतो. कर सल्लागाराकडे दीड महिना बसून प्रत्यक्ष बिलांची नोंद केलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळा ओळखू येतो, मग त्याला त्यासाठी एक पैसाही मिळालेला नसो.

पदवीनंतरचा मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्यानुसार पदवीधर आणि पदविकाधारकांना कंपन्यांमध्ये विद्यावेतनावर प्रशिक्षण मिळते आणि त्याची नोंदणी नॅट्स या केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते. राज्याने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना आणली. १८ ते २९ वयोगटातील, राज्याचे मूळ निवासी असलेल्या तरुणांसाठी तिच्यात बारावी उत्तीर्णांना दरमहा ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले, ज्यातील ७५ टक्के वाटा राज्य सरकारचा. अर्जाच्या वेळी चालू नियम पोर्टलवर पाहून घ्यावेत, आणि कंपनीत पाऊल ठेवण्याआधी करारपत्र हाती घ्यावे. त्यात कालावधी, विद्यावेतन आणि विभाग लिहिलेला असावा.

स्पर्धा परीक्षा आणि भाषेची अट

मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालयच इंदुरात असल्यामुळे आणि भंवरकुआं परिसर शिकवण्यांनी भरलेला असल्यामुळे, "एक वर्ष पीएससी करून पाहतो" हे वाक्य इथे फार सहजपणे उच्चारले जाते. करून पाहण्याला हरकत नाही, परंतु किती प्रयत्न करणार हे सुरुवातीलाच घरच्यांसमोर ठरवावे आणि त्या काळात एखादे अर्धवेळ काम किंवा पदव्युत्तर शिक्षण चालू ठेवावे. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, त्यामुळे पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण होऊनही बायोडेटात दाखवण्यासारखे काहीच नाही, अशी स्थिती येऊ शकते. राज्याच्या पदांसाठी मूळ निवासी प्रमाणपत्र आणि रोजगार नोंदणी तयार असावी. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी हेही पाहावे की जातींच्या याद्या राज्यनिहाय असतात; आजोबांचा महाराष्ट्रातील दाखला इथे आपोआप चालत नाही, आणि केंद्राच्या भरतीसाठी ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो.

बँकांच्या लिपिक भरतीबाबत मराठी विद्यार्थ्यांचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज कराल तेथील भाषा येणे बंधनकारक असते. इंदुरात हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या, शाळेत मराठी विषय नसलेल्या मुलाने महाराष्ट्रातील जागेसाठी अर्ज केला, तर घरी मराठी बोलतो एवढे पुरत नाही. त्याला मराठी वाचता, लिहिता आणि समजता येते हे भाषा चाचणीत सिद्ध करावे लागते. आपल्याकडच्या अनेक मुलांचे बोलणे उत्तम असते आणि लिहिताना मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या आधी शब्दच सुचत नाही. महाराष्ट्रातील जागांचा विचार असेल तर रोज एक पान मराठी लिहिण्याचा सराव सहा महिने आधीपासून करावा. बायोडेटात भाषांसमोर ‘वाचन, लेखन, संभाषण’ असे वेगवेगळे आणि खरे लिहावे.

बायोडेटा आणि मुलाखत

बायोडेटा एका पानाचा, साध्या मांडणीचा आणि पीडीएफ स्वरूपातला असावा. मोठ्या कंपन्यांत तो आधी संगणक वाचतो, आणि चौकटी, दोन स्तंभ, चित्रे यांत त्याचा गोंधळ होतो. खासगी नोकरीच्या बायोडेटात वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांची गरज नाही. तो स्थळासाठीचा बायोडेटा नव्हे. प्रत्येक ओळीत काय केले आणि त्याचा आकार किती होता, हे यावे. ‘सांस्कृतिक कार्यात सहभाग’ या ओळीतून कोणालाही काही कळत नाही. ‘दोन वर्षे गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च एक्सेलमध्ये ठेवला, सुमारे दीडशे वर्गणीदारांच्या पावत्यांचा मेळ घातला’ ही ओळ लेखा विभागातील माणूस थांबून वाचतो. अर्थात ते खरे असेल तरच लिहावे, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

मुलाखतीच्या तयारीत ‘स्वतःविषयी सांगा’ याचे दीड मिनिटाचे उत्तर हिंदीत आणि इंग्रजीत मोठ्याने बोलून, फोनवर रेकॉर्ड करून ऐकावे. पाठ केलेले ऐकणाऱ्याला लगेच कळते, म्हणून फक्त मुद्दे लक्षात ठेवावेत. देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटी, आयआयपीएस यांसारख्या विभागांतील विद्यार्थ्यांना कॅम्पस भरतीची सोय असते. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी पूल ड्राइव्हची (अनेक महाविद्यालयांसाठी एकत्र होणाऱ्या भरतीची) माहिती स्वतः काढत राहावी. पुष्कळ कंपन्या दहावीपासून ६० टक्के आणि शिल्लक विषय नसण्याची अट घालतात, तेव्हा राहिलेला पेपर आधी सोडवणे ही सर्वांत स्वस्त तयारी होय. नोंदणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला, तो कितीही मोठ्या कंपनीचे नाव घेत असला, तरी पैसे देऊ नयेत.

हातात येणारा पगार आणि कागदपत्रे

तीन लाखांचे पॅकेज म्हणजे दरमहा २५,००० रुपये, असा हिशेब घरी केला जातो. उदाहरणादाखल मूळ वेतन १२,५०० धरले, तर भविष्यनिर्वाह निधीत १२ टक्क्यांप्रमाणे तुमचे १,५०० जातात, आणि कंपनीचे १,५०० तसेच ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० हेही बहुधा त्याच पॅकेजमध्ये धरलेले असतात. म्हणजे राहिले २१,४००. त्यातील २,५०० रुपये वर्षअखेरीच्या कामगिरीवर अवलंबून असतील तर महिन्याला १८,९०० हातात येतात. पुण्याची जागा असेल तर यातून खोलीभाडे आणि मेस वजा करून, आणि इंदूरची असेल तर पीथमपूरची बस कंपनीची आहे की स्वतःची गाडी लागेल हे विचारून, मगच दोन प्रस्तावांची तुलना करावी. बाँड असेल तर किती काळाचा आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे सही करण्याआधी वाचावे.

रुजू होताना कागदपत्रांची तपासणी होते आणि मराठी विद्यार्थी तिथे नावापाशी अडतात. आधार कार्डावर महाराष्ट्राच्या रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसते नाव आणि आडनाव. कुठे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. पॅन, बँक खाते आणि पुढे भविष्यनिर्वाह निधीचे खाते यांत हा फरक तसाच उतरत जातो आणि नंतर निस्तरणे कठीण होते. त्यासाठी दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीची सर्व कागदपत्रे तिच्याशी जुळवून घ्यावीत, आणि हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षात, निकाल लागण्यापूर्वी उरकावे.