घरबसल्या स्नोमेकिंग बघायचंय? मग हे करा

खिडकीतून किंवा गच्चीवरून स्की हिल दिसत असेल तर सीझन सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन आठवडे सोडू नका, डोंगर अजून तपकिरी असतो आणि एका रात्रीत त्यावर स्नोमेकिंगचे, म्हणजे यंत्राने पाडलेल्या बर्फाचे, पांढरे पट्टे उमटलेले दिसतात, मला तर हा काळ सीझनपेक्षाही जास्त आवडतो.

सगळ्यात आधी, नुसतं तापमान बघून जागत बसू नका. पहिल्या वर्षी मी तेच करायचे, पारा शून्यावर आला की खिडकीत खुर्ची टाकून बसायचे आणि डोंगरावर सगळा अंधार. बघायचं असतं ते वेट बल्ब तापमान. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी उडता उडता पारा जिथपर्यंत उतरतो तो हा आकडा, आणि गनमधून (पाण्याचा फवारा उडवून बर्फ पाडणारं यंत्र) उडालेल्या थेंबाचंही तसंच होतं, हवा कोरडी असली की त्यातलं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होऊन गोठतं. वेट बल्ब साधारण उणे 2 ते उणे 3 झाला की गन सुरू होऊ शकतात. म्हणजे हवा 1 डिग्री आणि ह्युमिडिटी 40% असेल तर वेट बल्ब उणे अडीचच्या आसपास जातो, म्हणजे आशा आहे, पण उणे 1 ला दाट धुकं असेल तर खुशाल झोपा. बऱ्याच वेदर साइटवर हा आकडा मिळतो, नाहीतर कॅल्क्युलेटर आहेतच.

वेळ म्हणाल तर मध्यरात्रीनंतर ते उजाडेपर्यंतची. आणि नजर फक्त माथ्यावर ठेवू नका! निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा खाली उतरून साठते, त्यामुळे कधीकधी पायथ्याच्या गन आधी सुरू होतात आणि वर काहीच नसतं.

दुर्बीण 8x42 किंवा 10x42 पुरते, पण ट्रायपॉडवर लावा, हात हलतो. खोलीतला लाइट बंद करा नाहीतर काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि जमलं तर खिडकी उघडूनच बघा, काचेतून चित्र धूसर येतं. उघड्या खिडकीतून आवाजही येतो, कॉम्प्रेस्ड एअरवाल्या गनचा तो सलग घोंगावता आवाज, शांत रात्री बराच लांब पोचतो.

आता काय बघायचं. फॅन गन म्हणजे मोठा ड्रम, तिचा फवारा जाड आणि लांब जातो. लान्स म्हणजे उंच खांब, तिथून वरून बारीक फवारा पडतो, थेंबाला गोठायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. दिव्याच्या उजेडात फवारा कुठे झुकतो त्यावरून वारा कळतो. थंडी वाढली की क्रू पाणी वाढवतात, त्याच गनचा फवारा तासाभरात दाट झालेला दिसला तर समजा काम जोरात आहे. मधेच एखादा हेडलाइट गनजवळ थांबतो, तिथे कोणीतरी जॅकेटच्या बाहीवर स्नो पडू देऊन तपासतंय, बाहीवरून उडाला तर कोरडा, चिकटला तर ओला.

टाइमलॅप्स घ्यायचा असेल तर फोन चार्जरला लावून टेकवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, 20-30 सेकंदाला एक फोटो बास.

गन बंद झाल्यावर मोठे ढिगारे उरतात, त्यांना व्हेल म्हणतात. पाणी निथळायला ते थोडा वेळ तसेच ठेवतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या रात्री परत खिडकीत बसा, तेव्हा ग्रूमरचे, म्हणजे बर्फ पसरवून सपाट करणाऱ्या गाड्यांचे, दिवे हळूहळू वर चढताना दिसतील.