चिनी देहप्रकृतीची प्रश्नावली आणि फॅटी लिव्हर: आपला धोका घरच्या घरी कसा तपासावा

यकृतात चरबी साठू लागली तरी बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. मराठवाड्यात तर पोटाची सोनोग्राफी मुतखड्यासाठी केली जाते आणि अहवालाच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ ही ओळ अचानक सापडते. मग ‘ग्रेड वन तर सगळ्यांनाच असते’ असे म्हणून तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जातो. ज्याला दुखत नाही तो तपासायला जात नाही, ही खरी अडचण आहे. चिनी वैद्यकातील देहप्रकृतीची प्रश्नावली मला उपयोगी वाटते ती याच ठिकाणी, कारण अंग जड वाटणे किंवा तोंड चिकट होणे अशा माणसाला रोज जाणवणाऱ्या, पण डॉक्टरांना न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी ती विचारते. तिचा उपयोग मात्र घराच्या उंबरठ्यापर्यंतच आहे. पुढचा निर्णय कमर मोजायचा टेप आणि रक्ततपासणी यांनीच करायचा असतो.

ही पद्धत बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातील प्राध्यापक वांग छी यांनी मांडली आणि २००९ मध्ये चिनी वैद्यक संघटनेने तिला मानकाचे रूप दिले. तिच्यात नऊ प्रकृती आहेत. एक संतुलित, आणि उरलेल्या आठ कोणत्या ना कोणत्या बाजूला झुकलेल्या: छी म्हणजे प्राणशक्ती कमी असलेली, यांग म्हणजे शरीराची ऊब कमी असलेली, यिन म्हणजे शरीराचा ओलावा कमी असलेली, कफ-आर्द्र, आर्द्र-उष्ण, रक्त साकळणारी, छी अडकून राहणारी आणि ॲलर्जीकडे कल असलेली विशेष प्रकृती. फॅटी लिव्हरच्या संदर्भात सर्वाधिक बोलले जाते ते कफ-आर्द्र प्रकृतीविषयी आणि तिच्या पाठोपाठ आर्द्र-उष्ण व छी कमी असलेल्या प्रकृतींविषयी.

‘कफ’ हा शब्द वाचताच आपल्याकडचा वाचक लगेच म्हणतो, ‘म्हणजे माझी कफ प्रकृतीच की!’ येथे थांबावे. आयुर्वेदातील प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि जन्मभर तीच राहते असे मानतात. निरोगी, बळकट, शांत माणूसही कफ प्रकृतीचा असू शकतो. चिनी पद्धतीत मात्र जन्मजात भागाबरोबर आहार, काम, वय आणि राहणीमान यांनी घडलेला भागही धरला जातो, म्हणून ती प्रकृती बदलते आणि बदलता येते असे तिचे गृहीतक आहे. वैद्यांनी लहानपणी सांगितलेली प्रकृती या प्रश्नावलीच्या उत्तरात परस्पर घालू नये.

कफ-आर्द्र प्रकृतीसाठी आठ प्रश्न आहेत. छाती भरल्यासारखी किंवा पोट फुगल्यासारखे वाटते का. अंग जड वाटते, हालचालीत मोकळेपणा नाही असे होते का. पोट सुटलेले आणि मऊ आहे का. कपाळ तेलकट राहते का. वरच्या पापण्या इतरांपेक्षा सुजलेल्या दिसतात का. तोंडात चिकटपणा वाटतो का. कफ फार होतो, विशेषतः घशात अडकल्यासारखा वाटतो का. आणि जिभेवर जाड थर बसतो का. उत्तर गेल्या एका वर्षाचा अनुभव धरून द्यायचे असते. ‘कधीच नाही’ला १, ‘क्वचित’ला २, ‘कधीकधी’ला ३, ‘बऱ्याचदा’ला ४ आणि ‘नेहमी’ला ५ गुण. आठांची बेरीज करावी, तिच्यातून ८ वजा करावेत, उरलेल्या आकड्याला ३२ ने भागून १०० ने गुणावे. ४० किंवा अधिक आले तर ती प्रकृती आहे, ३० ते ३९ आले तर तिकडे कल आहे आणि ३० च्या खाली आले तर नाही, असे धरतात. हिशेब नको असेल तर एवढे पुरे की मूळ बेरीज २१ किंवा अधिक म्हणजे ‘आहे’, १८ ते २० म्हणजे ‘कल आहे’.

उत्तरे एकट्याने लिहू नयेत. मी स्वतः पोटाच्या प्रश्नाला २ गुण दिले होते. पत्नीने कागद हातातून घेऊन, एक अक्षर न बोलता, त्याचे ४ केले, आणि पापण्यांच्या प्रश्नापुढेही एक गुण वाढवला. माझी बेरीज १९ वरून २२ झाली, म्हणजे मी ‘कल असलेल्यां’तून उठून जवळपास ४४ गुणांचा थेट कफ-आर्द्र प्रकृतीचा माणूस झालो. जिभेचा थर सकाळी दात घासण्यापूर्वी, खिडकीजवळच्या उजेडात पाहावा; चहा, पान किंवा तंबाखू यांनंतर पाहिलेली जीभ काही सांगत नाही.

आता या गुणांचा अर्थ किती घ्यायचा? चीनमधील अनेक पाहण्यांमध्ये कफ-आर्द्र प्रकृतीच्या लोकांत लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर अधिक आढळले आहे. पण यांतील बऱ्याच पाहण्या एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजणाऱ्या आहेत, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे त्यांतून ठरत नाही. शिवाय आठ प्रश्नांपैकी एक सरळ सुटलेल्या पोटाविषयीच आहे. ज्याचे पोट सुटले आहे त्याच्या यकृतात चरबी सापडली, तर त्यात प्रश्नावलीचे श्रेय किती आणि पोटाचे किती, हा प्रश्न उरतोच. म्हणून जास्त गुणांचा अर्थ ‘तपासून घ्या’ एवढाच घ्यावा आणि कमी गुणांचा अर्थ ‘सुटलो’ असा मुळीच घेऊ नये.

दुसरी सूचना सडपातळ लोकांसाठी आहे आणि ती आपल्याकडे अधिक महत्त्वाची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय अनेकांनी ऐकला असेल. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली: दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढे पुढे, असा माणूस मोंढ्यातल्या कोणत्याही आडतीवर दिसतो. त्याचे प्रश्नावलीतील गुण कमी येऊ शकतात. त्यानेही पुढची मापे घ्यावीत.

टेप शिंप्याचा चालतो. उभे राहून, बोटांनी शेवटची बरगडी आणि कमरेचे वरचे हाड शोधावे, त्यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवा धरावा आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. विजारीचा नंबर हे कमरेचे माप नव्हे. करदोड्याच्या जागीही मोजू नये, कारण पोट सुटलेल्या पुरुषाचा करदोडा पोटाखाली घसरलेला असतो आणि माप दोन-तीन इंचांनी कमी भरते. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या किंचित आत, आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. याखेरीज बीएमआय २३ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातील चरबी १५० किंवा अधिक, अथवा एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल पुरुषात ४० पर्यंत आणि स्त्रीत ५० पर्यंतच असणे, यांपैकी एक गोष्ट जरी असली तरी पोटाची सोनोग्राफी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. २०२३ मध्ये या रोगाचे नावच बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख आणला गेला, तो याच कारणाने. यकृतात चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती सुटू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

चरबी सापडली तर ग्रेडपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की यकृत आतून कडक होऊ लागले आहे का. त्याचा पहिला अंदाज ‘फिब-४’ या आकड्याने घेतात आणि त्यासाठी तालुक्याच्या लॅबचा अहवालही पुरतो. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या हजारांतील आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार असतील, तर २४९६ भागिले १६८०, म्हणजे सुमारे १.४९. आकडा १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे जावे, आणि मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे गणित भरवशाचे नाही. डेंग्यूच्या तापात काढलेल्या प्लेटलेटवरून ते मुळीच करू नये. आकडा भीतिदायक येतो आणि खोटा असतो. हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी याच वेळी करावी आणि दारूविषयी डॉक्टरांना खरे सांगावे.

आहाराच्या बाबतीत चिनी वैद्य कफ-आर्द्र माणसाला तेलकट, गोड आणि अति खाणे कमी करायला सांगतात, आणि यावर आधुनिक वैद्यकाचेही भांडण नाही. त्यांच्या यादीतला एक पदार्थ आपल्या ओळखीचा आहे: कोहळा. आपण त्याला दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतो किंवा साखरेच्या पाकात घालून पेठा करतो. भाजी फार थोडे करतात. भाजी करावी, पेठा सोडावा. चहाचा हिशेब एकदा कागदावर मांडावा: दिवसाला सहा वेळा, दर वेळी दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम, महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम. साखरेऐवजी गूळ घातल्याने यकृताला फरक कळत नाही, कारण फ्रुक्टोज हा साखरेचा घटक दोन्हींत आहे आणि यकृत त्याचीच चरबी करते. रसवंतीवरचा उसाचा रस त्याच हिशेबात धरावा. ज्वारीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. दोनाची एक करावी आणि उरलेली जागा येसराच्या आमटीपेक्षा पातळ वरणाने, मेथीने, मुळ्याने भरावी. एकादशीच्या साबुदाण्याला मात्र उपवास म्हणू नये.

वजन ८० किलो असेल तर ४ किलो कमी झाल्यावर यकृतातील चरबी घटू लागते, ६ ते ८ किलो कमी झाल्यावर सूजही ओसरते. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालावे; आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सातच्या आतच जमते.

प्रश्नावलीतून ‘कफ-आर्द्र’ निघाले म्हणून ऑनलाइन चिनी जडीबुटी मागवू नये. ‘हे शोऊ वू’ या तिथल्या प्रसिद्ध मुळीने यकृताला इजा झाल्याच्या भरपूर नोंदी आहेत. गुळवेलाविषयीही कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद कोणाच्या बाजूने सुटो, आधीच चरबी असलेल्या यकृतावर रोजचा काढा वैद्य आणि डॉक्टर या दोघांना न सांगता घेणे टाळावे.

सहा महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरावी, पण आधी टेप लावावा आणि मग जुना कागद काढावा. जुने गुण समोर असले की हात आपोआप त्यांच्याहून कमी लिहितो. मी माझा कागद पत्नीकडे ठेवायला दिला आहे.