जुना छापील नकाशा कसा तपासावा

नकाशावर छापलेल्या सालावर लगेच भिस्त ठेवू नका. नकाशा छापण्यासाठी खोदलेली तांब्याची प्लेट महाग असे, म्हणून ती कित्येक दशके वापरात राहायची. प्रती नव्या निघत, कोपऱ्यातले साल मात्र जुनेच. तेव्हा आधी कागद तपासा, मजकूर नंतर.

१. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. नकाशा सपाट टेबलावर ठेवून दिवा बाजूने, टेबलाच्या पातळीलगत धरा. प्लेटच्या कडेने दबलेली चौकट चित्राभोवती दिसायला हवी. समास कापलेला असेल तर ती सापडणार नाही. तेवढ्यावरून नकाशा बनावट ठरवू नका.

२. कागद हलकेच उजेडासमोर धरा. जुन्या युरोपीय कागदात सुमारे २५ मिलिमीटर अंतराने रेषा जातात आणि त्यांना आडव्या दाट, बारीक रेषा असतात. युरोपात बिनरेषांचा कागद पुस्तकात पहिल्यांदा १७५७ मध्ये आला. त्यामुळे १६५० च्या म्हणवणाऱ्या नकाशात रेषाच नसतील तर सावध व्हा. उलट, रेषा आहेत म्हणजे नकाशा जुनाच, असेही नाही.

३. दहापट भिंगाखाली किनारपट्टीची एकच रेष बघा. खोदकामाची रेष सलग असते, टोकाला निमुळती होते. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई.

४. नकाशा उलटा करा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो: मागे तपकिरी रेघ उमटते आणि तिथेच तडा जातो. अशा जागी घडी असेल तर तिची उघडझाप करू नका. मागच्या बाजूला मजकूर असेल तर पान बहुधा ॲटलासमधले. फ्लेमिश नकाशाकार ऑर्टेलियसचा ॲटलास १५७० पासून अनेक भाषांत निघाला. मागची भाषा पाहून आवृत्ती ओळखायला मदत होते.

५. आता चुका शोधा, खरी मजा इथेच आहे. पश्चिम आफ्रिकेत आडवी काँग पर्वतरांग दिसली तर नकाशा १७९८ नंतरचा, कारण ती इंग्रज नकाशाकार रेनेलच्या त्या वर्षीच्या नकाशातून पसरली. तिथे असे पर्वत नाहीत हे फ्रेंच प्रवासी बिंगेरने १८८९ मध्ये सांगितले. कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवणे ही सतराव्या शतकाची खूण. स्पेनच्या राजाने १७४७ मध्ये ते बेट नसल्याचे जाहीर केले, तरी जुन्या नकाशांची नक्कल करणाऱ्यांनी ते चालू ठेवले. म्हणून या चुकीवरून काळाचा फक्त अंदाज बांधा.

६. शून्य रेखांश कुठून जातो पाहा. कॅनरी बेटांतल्या फेरोवरून जात असेल तर पूर्वेकडचे आकडे ग्रिनिचपेक्षा सुमारे १८ अंशांनी जास्त येतात.

फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गोंद तंतूंत मुरून पिवळा पडतो आणि तो डाग काढताना शाईही निघू शकते.