पात्राचं पत्र विलायतेला पाठवताय? आधी शनिवार बघा

ऐतिहासिक कादंबऱ्या आणि मालिका लिहिणारी मंडळी मला अधूनमधून फोन करतात. जुनी पाकिटं जमवायचा नाद आहे माझा, नोकरीही रेल्वे डाकसेवेत गेली. प्रश्न बहुतेक एकच असतो: ‘काका, साल 1906, वडील पुण्यात, मुलगा लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलाय. पत्र किती दिवसांत पोचेल?’ दिवस मोजायची सुरुवात पत्र लिहिलं त्या तारखेपासून करू नका, बोट सुटते त्या वारापासून करा.

त्या काळी पी अँड ओ कंपनीची मेलबोट आठवड्यातून एकदाच, शनिवारी, मुंबईहून सुटे. सावरकर लंडनला निघाले ती ‘पर्शिया’ 9 जून 1906ची. कॅलेंडर काढून बघा, शनिवारच येतो. रविवारी लिहिलेलं पत्र आणि त्यानंतर गुरुवारी लिहिलेलं पत्र एकाच बोटीत चढणार. तेव्हा वडिलांना मंगळवारी घाईघाईने पत्र टाकायला पळवू नका. त्यांची खरी धावपळ शुक्रवारी असते, कारण पुण्याची थैली रात्रीच्या गाडीने मुंबईला पोचायला हवी. मुंबईकराला थोडी सवलत: ठरलेली वेळ टळली तरी जादा आकार भरून पत्र घेत. कोकणातलं पात्र असेल तर आणखी आधी लिहायला लावा. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद, टपाल घाटावरून फिरून यायचं.

आता पाकीट. आतला मजकूर मोडीत असू दे, ‘चिरंजीव अमुक यांस अनेक आशीर्वाद’ने सुरू होऊ दे, पण पत्ता इंग्रजीतच हवा. वडिलांना इंग्रजी येत नसेल तर शाळामास्तर नाहीतर कचेरीतला कारकून तो लिहून देईल. दृश्य म्हणूनही बरं आहे: मुलाला काय लिहिलंय ते मास्तरांना न दाखवता फक्त पाकीट पुढे करणारा बाप. मुलाची खोली पक्की नसेल तर लंडनमधल्या लडगेट सर्कसच्या थॉमस कुक या प्रवास कंपनीच्या कचेरीमार्फत पत्ता घाला. कोपऱ्यात ‘ब्रिंडिसीमार्गे’ (म्हणजे इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरातून) असं इंग्रजीत लिहिलेलं दाखवलंत तर माझ्यासारखे लोक खूश होतात.

तिकीट एक आण्याचं. 1898च्या नाताळपासून ब्रिटनला अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र एका आण्यात जाऊ लागलं. 1906 साली त्यावर सातव्या एडवर्डचा चेहरा, रंग लाल. मुलगा पॅरिसला किंवा बर्लिनला असेल तर अडीच आणे, तिकीट निळं. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅमच्या जरा वर. चांदीचा रुपया एक तोळ्याचा, पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. तराजूत एका बाजूला रुपया ठेवला आणि पत्राचं पारडं थोडंसंच खाली गेलं, तर चालायचं. चार जाड कागद आणि वर चिमूटभर हलवा घातला की वजन मर्यादेबाहेर गेलं. तिकीट कमी पडलं तर पाकिटावर ‘टी’चा शिक्का बसे आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे मुलाला लंडनमध्ये मोजावे लागत.

पुढचा प्रवास बहुतेक लेखक एका वाक्यात गुंडाळतात, आणि तिथेच मजा आहे. मुंबई, एडन, सुएझ कालवा, पोर्ट सैद. पोर्ट सैदला डाकेच्या थैल्या ‘आयसिस’ किंवा ‘ओसिरिस’ या लहान, चपळ बोटींत चढत. त्या इटलीतल्या ब्रिंडिसीला गाठत. तिथून आगगाडी इटली-फ्रान्स ओलांडून कॅलेला, मग इंग्लिश खाडी पार करून लंडन. मोठी बोट मात्र जिब्राल्टरला वळसा घालून सावकाश जाई. म्हणजे मुलगा त्याच बोटीने शेवटपर्यंत समुद्रमार्गे गेला, तर त्याच बोटीतलं बापाचं पत्र त्याच्या आधी लंडनला हजर! कथेसाठी एवढी फुकटची गंमत कुणी वापरलेली माझ्या तरी वाचनात नाही.

हिशेब असा मांडा. संक्रांतीच्या शुभेच्छा वेळेवर हव्यात तर 29 डिसेंबर 1906ची बोट. पत्र 12 जानेवारीच्या सुमारास लंडनला. तिकडची डाक शुक्रवारी निघे, म्हणजे उत्तर 18 जानेवारीला निघून 1 फेब्रुवारीला मुंबईत. पाच आठवडे. जून ते ऑगस्टमध्ये जाताना समोरून नैऋत्येचा वारा असतो, तेव्हा दोन-चार दिवस सढळ हाताने वाढवा.

येणाऱ्या डाकेची गंमत वेगळी. एडन ते मुंबई बोटीवरच फिरतं डाकघर असे. कारकून हलत्या बोटीत पत्रं गावोगाव लावून टाकत, म्हणजे धक्क्याला लागताच थैल्या आगगाडीत. आमच्या रेल्वे डाकडब्यातल्या कामाचे हे थोरले भाऊ. 1914च्या युद्धाबरोबर हे फिरतं डाकघर बंद झालं. नंतरच्या पत्रावर त्याचा शिक्का दाखवू नका.

युद्धकाळात पत्र हरवायचं असेल तर ओढूनताणून कारण शोधायला नको. 30 डिसेंबर 1915ला हीच ‘पर्शिया’ मुंबईकडे येताना क्रीटजवळ पाणतीराने बुडाली. 1922च्या मेमध्ये ‘इजिप्त’ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन गेली, तीही मुंबईलाच निघालेली. आणि विमानाने लंडनला पत्र? 1929च्या आधी नाही.